अण्णांची सायकल आणि आमचा चौक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे यायची आणि ती लिहायला हात धजत नव्हता. आज लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी काहींना यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं वाचून कुणी मायला फोन करू नये, ही विनंती. तिला सगळं माहीत आहे.

गेल्या पोळ्याला मुखेडला गेलो होतो. पुण्याहून गाडी घेऊन, नेहमीसारखा. आता आमच्याकडे बैल नाहीत, शेत बटईनं दिलंय. पण पोळ्याला पोरं घरी आलेली अण्णांना लागतात. खांदमळणीच्या दिवशी सकाळी मोंढ्याकडून घरी निघालो होतो. शेजारच्या सीटवर गोंड्यांची पिशवी (बैल मातीचे का असेनात, गोंडे लागतातच). सव्वादहा वाजलेले. शाळेची वेळ.

चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुखेडकरांना लगेच कळेल, बाकीच्यांनी आपापल्या गावचा चौक समजावा. काही फरक पडणार नाही. माझ्या लहानपणी तो गावाबाहेर होता, तिथं संध्याकाळनंतर कुणी जायचं नाही. आता गाव त्याच्या पलीकडे गेलंय. नव्या वस्त्या, मंगल कार्यालयं, शाळा, दवाखाने पलीकडे आणि मोंढा, बाजार, जुनी घरं अलीकडे. म्हणजे घरटी एक माणूस तरी दिवसातून दोनदा तो ओलांडणारच. आणि त्याच चौकातून एसटी, काळीपिवळी, वाळूचे हायवा आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या जाणार.

तर मी डावीकडे वळलो. वळताना उजवीकडून कुणी येतंय का, एवढंच बघत होतो. डावीकडे बघायचं असतं हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. 'धप्प' असा आवाज झाला. फार मोठा नाही, पिशवी पडल्यासारखा.

खाली उतरलो तर सायकल आडवी आणि सायकलीखाली एक मुलगी. नववी-दहावीची असेल. निळा-पांढरा ड्रेस, दोन वेण्या, कोपर सोललेला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काका, माझीच चूक हाय." आणि मग स्वतःच्या कोपराकडे न बघता सायकलीकडे बघून, "चाक वाकडं झालं का हो? शाळेत मिळालेली हाय."

मानव विकासच्या योजनेत खेड्यापाड्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्यातली ती.

लोक जमले. आपल्याकडे जमतातच. आणि सगळे मला समजावत होते! "जाऊ द्या सायेब, पोरी बघतच न्हाईत." "गाणे म्हणत चालवतेत." एकानेही मला शिवी दिली नाही. पुण्याचा नंबर नाही गाडीला, एम एच २६ च आहे, म्हणजे पाहुणा म्हणून सोडलं असंही नाही. गाडीवाला तो साहेब आणि सायकलवाली ती बावळट, हे जणू ठरलेलंच.

तिला दवाखान्यात नेलं. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, इंजेक्शन आणि पट्टी झाली. चाक सायकलच्या दुकानात देऊन सरळ करून घेतलं. तिच्या घरी गेलो, तर तिच्या वडिलांनी मलाच चहा पाजला आणि तिला माझ्यादेखत रागावले. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

घरी आलो. अण्णा ओसरीवर बसले होते, त्यांची सायकल भिंतीला टेकवलेली. आता हे सांगायला हवं की अण्णांचं वय ७६ आहे. ३४ वर्षं शाळेत गणित आणि भूमिती शिकवली. या सायकलीवरून ते रोज शेताकडे जाऊन येतात. तीन वर्षांपासून मी, ताई, भाऊजी सगळे मिळून त्यांच्या मागे लागलोय की आता सायकल बंद करा. ऑटोला पैसे देतो, पण बंद करा. मी सगळी हकिगत सांगितली आणि सवयीनं शेवटी म्हटलं, "बघितलंत ना अण्णा? म्हणून म्हणतो, आता त्या चौकातून सायकल नको."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धडक तू दिलास. अन् सायकल माझी बंद?"

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. मला त्या रात्री झोप लागली नाही.

* * *

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी उठवलं. "चल. चौकात जाऊन बसू."

"कशाला?"

"तू गाडीतून बघूलालास आजवर. एकदा बसून बघ."

चौकाच्या कोपऱ्यावर एक चहाचं हॉटेल आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही दोघं नऊ ते अकरा बसलो. अण्णांच्या खिशात वही आणि पेन्सिल. शिक्षक निवृत्त होतो, वही होत नाही.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. नेहमीची गर्दी, नेहमीचे हॉर्न. मग हळूहळू दिसायला लागलं. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची. अण्णा म्हणाले, "मोज." मी मोबाइलवर मोजलं. तिला संधी मिळायला चार मिनिटं लागली. आणि मिळाली ती कुणी थांबलं म्हणून नाही, एका ट्रॅक्टरनं सगळ्यांचाच रस्ता अडवला म्हणून.

मग अण्णांनी मला रस्ता ओलांडायला लावला. या कडेपासून त्या कडेपर्यंत माझी २४ पावलं. मला १४ सेकंद लागले. अण्णांना २५. मध्ये उभं राहायला तीळभर जागा नाही. पन्नासच्या वेगातली गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे अण्णा कडेवरून पाय उचलतात तेव्हा साडेतीनशे मीटरवर असलेली गाडी ते पलीकडे पोचायच्या आत त्यांच्यापाशी असते. साडेतीनशे मीटरवरची गाडी त्यांना दिसतसुद्धा नाही. मग ते कशाच्या भरवशावर पाय उचलतात? तर गाडीवाला थांबेल या भरवशावर. म्हणजे माझ्यासारख्याच्या!

"आता तो कोपरा बघ," अण्णा म्हणाले. मी ज्या कोपऱ्यावर वळलो होतो तो. रस्ता रुंद केला तेव्हा हा कोपरा ऐसपैस गोल केलेला. मोठ्या गाड्यांना वळायला सोपं जावं म्हणून. अण्णांनी वहीत दोन वर्तुळाचे तुकडे काढले, एक मोठ्या त्रिज्येचा, एक लहान. "मोठ्या त्रिज्येवर वेग कमी करायची गरज पडत न्हाई. लहान त्रिज्येवर झक मारत हळू व्हावं लागतंय. तू चाळीसनं वळलास का न्हाई?"

मी वळलो होतो.

"मग ते तुझ्या पायानं नाही, ह्या कोपऱ्यानं ठरवलेलं हाय."

माझी चूक माफ करण्यासाठी ते बोलत नव्हते, हे लगेच सांगतो. "ह्यानं तू सुटत न्हाईस," हेही त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलं. पण माझ्याजागी उद्या दुसरा येईल, त्याला सुबुद्धी व्हायची वाट बघत बसायची का, असा त्यांचा प्रश्न होता.

आणि तिसरी गोष्ट त्यांनी दाखवली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. चौकात चिखल येऊन वाळला होता. जिथून गाड्यांची चाकं जात होती तिथं डांबर काळंभोर, स्वच्छ. आणि जिथून चाकं जातच नव्हती तिथं मातीचा थर तसाच. कोपऱ्यांवर मातीचे मोठे मोठे त्रिकोण आणि चौकाच्या मधोमध एक लांबट पट्टा.

"ही माती पडून हाय, म्हणजे ही जागा गाड्यांला लागतच न्हाई. मग ती पायी माणसाला द्यायला कुणाचं काय जातंय?"

मंडळी, थंड देशांत बर्फ पडल्यावर रस्त्यावर असेच ठसे उमटतात आणि तिथले लोक त्यांचे फोटो काढून दाखवतात की बघा, एवढी जागा विनाकारण रस्त्याला दिलेली आहे. हे मी नंतर वाचलं. अण्णांनी काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी नुसता चिखल बघितला होता.

* * *

मग मी वाचत सुटलो. ऑफिसला कळवलं की महालक्ष्म्या झाल्यावरच पुण्याला येईन, तोवर इथून काम करतो. रात्री काम झालं की वाचायचं.

पहिला आकडा समोर आला तो असा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे रोज सुमारे ९०. सायकलवाले आणखी ४,८३६. आपल्या महाराष्ट्रात त्या एका वर्षात एकूण १५,२२४ माणसं गेली. एखादं मोठं खेडं दरवर्षी पुसून टाकावं तसं.

दुसरी गोष्ट वेगाची. समोर कुणी आलं हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगातली गाडी सगळं धरून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगातली सुमारे २८ मीटरमध्ये. वेग दुप्पटसुद्धा झालेला नाही, अंतर मात्र दुप्पट. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. (हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "नववीला शिकवलो की तुला!") म्हणून तर फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरचे मंत्री जमले तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं की जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे वेग ३० च्या वर नसावा.

आपल्याकडे वेग कमी करायचा म्हणजे गतिरोधक, एवढंच डोक्यात असतं. आणि गतिरोधक कसा? रस्त्यात म्हैस बसल्यासारखा. इंडियन रोड काँग्रेसनं गतिरोधकाचं माप कधीच ठरवून दिलंय. ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ च्या वेगानं आरामात पार करता येईल असा. आमच्या चौकाच्या अलीकडचा मी मोजला. रुंदी माझ्या दोन पावलांएवढी आणि उंची वीतभर. त्याच्यावरून गाडीवाला आदळत जातो आणि सायकलवाला तो चुकवायला कडेच्या खडीत उतरतो. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली गोष्ट नेमकी ज्याच्यासाठी केली त्यालाच पाडते.

पदपथाचंही माप आहे. किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि उंची १५ सेंटिमीटरच्या वर नाही, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चढता येईल. आमच्याकडे पदपथ आहे. गटारीवरच्या फरशा म्हणजे तोच. त्यावर भाजीचे गाडे आहेत. गाडेवाल्यांना शिव्या द्यायचा मोह होतो, पण त्यांना दुसरीकडे जागा कुणी आखून दिलेली नाही, हेही खरं.

* * *

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला रात्री फोनवर हे सगळं ऐकवलं. (तो वाचत असेलच. दादा, ते दोन तास वाया गेले नाहीत बघ.) तो म्हणाला, आमच्याजवळ होबोकेन नावाचं छोटं शहर आहे, हडसन नदीच्या काठाला. पलीकडे न्यूयॉर्क. तिथं जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकही माणूस मेलं नाही. त्यांनी केलं काय, तर बाकीच्या गोष्टींबरोबर एक अगदी साधी गोष्ट. चौकाच्या कोपऱ्याला लागून गाडी उभी करूच द्यायची नाही. तिथं खांब रोवले, झाडांच्या कुंड्या ठेवल्या, सायकल लावायचे स्टँड केले. त्यामुळे वळणाऱ्याला ओलांडणारा दिसतो आणि ओलांडणाऱ्याला वळणारा.

मी चटकन खिडकीशी गेलो. आमच्या घरातून चौक दिसत नाही, पण डोळ्यांपुढे आला. त्या कोपऱ्यावर दोन काळीपिवळ्या नेहमी उभ्या असतात, सीटा भरत. ती मुलगी त्यांच्या आडून आली होती. तिला मी दिसलो नव्हतो, मला ती दिसली नव्हती. दोघांच्या मध्ये एक जीप होती.

लोक म्हणतात, ते अमेरिकेचं-युरोपचं सांगू नका, त्यांचे लोकच शिस्तीचे. हे मलाही वाटायचं. नेदरलँड्सचं नाव घेतलं की आपल्याला वाटतं तिथली माणसं सायकलवरच जन्माला येतात. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली होती आणि त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. तिथंही युद्धानंतर गाड्या वाढल्या होत्या, चौक रुंद होत होते, सायकली हद्दपार होत होत्या. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. त्यानंतर कित्येक वर्षं एकेक चौक, एकेक रस्ता बदलत गेला. म्हणजे शिस्त आधी आणि रस्ता नंतर असं झालं नाही. रस्ता बदलला, त्याला धरून माणसं बदलली.

आणि इतक्या लांब तरी कशाला? मुंबईत वांद्र्याच्या एचपी जंक्शनवर आणि मालाडच्या मिठचौकीवर असे प्रयोग झालेत. आधी नुसता रंग, कोन आणि बॅरिकेड लावून चौकाचा आकार बदलून बघायचा, गाड्या अडतात का, माणसांना सोपं जातं का ते पाहायचं आणि मग पक्कं काम करायचं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या पदपथावरून मी स्वतः कितीदा चाललोय. पण चालताना आपल्या मुखेडात हे का नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गावाकडे असलं काही नसतंच, असं मी गृहीत धरलेलं.

(पुण्याचंही फार कौतुक नको. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या त्या गावात सायकल मार्गावर मोटारसायकली, केबल आणि पाणीपुरीच्या गाड्या किती असतात, हे रोज बघतोच आपण.)

* * *

अण्णा म्हणाले, वाचलेलं पुरे, आता अर्ज लिही.

अर्ज लिहिला. सोबत अण्णांनी आलेखाच्या कागदावर काढलेला चौकाचा नकाशा. मागण्या पाचच. कोपऱ्यांची त्रिज्या कमी करा. कोपऱ्यापासून दहा मीटरपर्यंत गाड्या उभ्या करू देऊ नका. रस्त्याच्या मधोमध माणसाला उभं राहता येईल असं बेट करा. ओलांडायच्या जागी झेब्रा आणि मापातला, रुंद गतिरोधक. आणि एक दिवा, जो लागतो.

पहिल्या कार्यालयात कळलं की रस्ता त्यांचा नाही, गटार त्यांची आहे. दुसऱ्या कार्यालयात कळलं की रस्ता त्यांचा आहे, पण दिवा आणि अतिक्रमण पहिल्यांचं. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. एकांनी तर बसवून चहा दिला आणि विचारलं, "गुरुजी, इथं कुणी मेलंय का? म्हणजे मृत्यूची नोंद असली की प्रस्ताव पुढं सरकतो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "म्या मेल्यावर अर्ज कोण आणून देणार?"

साहेब हसले. मी हसू शकलो नाही.

खरं तर कायदा आता बराच पुढे गेलाय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम घातलंय. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पायी चालणाऱ्याचा पदपथावरचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे दोन्ही आम्ही अर्जात लिहिलं. पोच घेतली. पोच अण्णांनी कुकरच्या हमीपत्राबरोबर फाइलला लावून ठेवली.

मग गणपती आले. गल्लीतल्या मंडळाची पोरं वर्गणीला आली तेव्हा अण्णांनी त्यांना बसवून घेतलं आणि तो मातीचा त्रिकोण समजावून सांगितला. ही पोरं इन्स्टावाली, म्हटलं ऐकतील कशाला. पण त्यातल्या एकाची बहीण त्याच शाळेत जाते. चौकात ड्यूटीवर असलेल्या हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "रहदारी अडली नाही पाहिजे, एवढं बघा." रंगाचे रिकामे ड्रम आणले, त्यांत अर्ध्यापर्यंत वाळू भरली, पांढरे-लाल पट्टे मारले. एका पहाटे अण्णांनी शेतात आखायला वापरतात त्या फक्कीनं कोपऱ्यावर नवी, लहान त्रिज्येची रेघ ओढली. खुंटी, सुतळी आणि फक्कीचा डबा. फळ्यावर काढायचे तसंच. ७६ वर्षांचा माणूस पहाटे पाचला रस्त्यावर वाकून वर्तुळ काढतोय आणि आम्ही पाच-सहा जण मोबाइलचे दिवे धरून उभे. रेघेवर सात ड्रम मांडले.

काळीपिवळीवाल्यांचं काम सगळ्यात अवघड वाटलं होतं. ते निघालं सगळ्यात सोपं. अण्णा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "जरा मागं घ्या रे बाबांनो, लेकरं दिसत न्हाईत." त्यातले दोघं अण्णांचेच विद्यार्थी. एक म्हणाला, "सर, अगोदर कुणी सांगितलंच न्हाई की." तीन वर्षं मी अण्णांना सायकल सोडा म्हणून सांगत होतो. जीपवाल्याला मागे सरक म्हणून सांगायला आम्हाला पाच मिनिटं लागली.

त्या दिवशी आम्ही परत बाकड्यावर बसलो. गाड्या ड्रमापाशी येऊन हळू होत होत्या, मग वळत होत्या. हॉर्न थोडे वाढले, खोटं कशाला बोलू. एका हायवावाल्यानं खिडकीतून आमचा उद्धारही केला. पण ड्रमांच्या आतल्या त्रिकोणात बाया, लेकरं, सायकली उभ्या राहत होत्या आणि तिथून त्यांना उरलेला रस्ता १७ पावलांचा होता. २४ चे १७.

* * *

हे वाचून सगळं छान झालं असं वाटेल, म्हणून पुढचंही लिहितो. मी महालक्ष्म्या करून पुण्याला आलो. पंधरा दिवसांत सातांतले तीन ड्रम गेले. एक मंडपाला नेला तो परत आलाच नाही, एक हायवानं चेपला, एक कुणी पाणी साठवायला नेला असावा. फक्की पहिल्याच पावसात गेली. अर्जाचं उत्तर अजून नाही. दिवा लागला, तो चार दिवसांनी परत गेला. पक्कं काम झाल्याशिवाय हे टिकणार नाही, हे आम्हालाही कळत होतं.

काळीपिवळ्या मात्र अजून मागेच उभ्या राहतात.

अण्णांची सायकल मी बंद करायला सांगत नाही. तेही थोडे बदललेत. चौकात आता उतरून, हातात धरून ओलांडतात. मला वाईट वाटलं, म्हटलं एवढं सगळं करून शेवटी उतरावंच लागलं ना तुम्हाला. तर म्हणाले, "ड्रम पक्के झाले की बसून जाईन. तोवर अर्ज चालूच ठेवायचाय."

गेल्या आठवड्यात फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर सांगितलं की ती मुलगी चौकात भेटली होती. चाक अजून थोडं डगमगत होतं म्हणून त्यांनी तिला दुकानात नेऊन तारा ताणून घेतल्या. किती झाले विचारलं तर म्हणाले, "तुझ्याकडून घेईन."

मी अजून तिची माफी मागितलेली नाही. दवाखान्यात नेलं, चाक सरळ केलं, घरी जाऊन आलो, पण 'माझी चूक झाली' हे तीन शब्द तिला म्हटले नाहीत. ती म्हणाली तिची चूक आणि मी ते तसंच राहू दिलं. एवढ्या अर्ज-नकाशांपेक्षा मला ते जास्त टोचतं. पुढच्या खेपेला मुखेडला गेलो की आधी ते काम.

तुमच्याही गावात असा एखादा चौक असेल. पावसानंतर एकदा जाऊन बघा, माती कुठे साचलीय ते. आणि गाडी चालवत असाल तर डावीकडे वळताना डावीकडचा आरसा बघा. मी बघतो आता. उशिरा शिकलो, पण बघतो.

असो. बराच वेळ घेतला तुमचा.